पिन चमकते, पण हरीण दिसत नाही! कातरवेळी धनुष्यावर कोणती साइट कामाची?

साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला जागतिक विजेतेपद मिळवलं, तेव्हा त्यांच्या हातातलं धनुष्य बघून अनेकांना प्रश्न पडला होता. दोन्ही टोकांना चाकं, मध्ये काहीतरी गोल भिंग... हे धनुष्य आहे की यंत्र?

त्याचं नाव कंपाउंड बो. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या होलिस विल्बर ॲलन यांनी १९६६ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मिळालं. आपल्याकडे हे धनुष्य मैदानावर दिसतं, पण अमेरिकेत त्याचा मोठा गिऱ्हाईक आहे शिकारी. तिथे पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार परवाना काढून, ठरावीक हंगामात करता येते आणि धनुष्यबाणवाल्यांना बहुतेक राज्यांत वेगळा हंगाम असतो.

आता अडचण अशी की हे हरीण भर दुपारी फारसं फिरत नाही. झुंजूमुंजू होताना आणि तिन्हीसांजेला ते झाडीतून बाहेर पडतं. कायदाही त्या वेळेला परवानगी देतो. बऱ्याच राज्यांत सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून ते सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत बाण सोडता येतो. म्हणजे मचाणावर दिवसभर बसलेल्या माणसाला जी संधी मिळते, ती नेमकी उजेड नसताना.

मग दुकानात गेलं की विक्रेता सगळ्यात झगमगीत साइट पुढे करतो. आणि इथेच बहुतेकांची निवड चुकते.

मुळात साइट लागते कशाला?

बंदुकीच्या गोळीच्या मानाने बाण फारच सावकाश जातो. चांगल्या कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण ८५ मीटर. २० यार्डावर, म्हणजे १८ मीटरवर पोचेपर्यंत तो सरळ रेषेपासून जवळपास २२ सेंटिमीटर खाली येतो. ४० यार्डावर ९० सेंटिमीटर. हरणाच्या छातीतला हृदय-फुप्फुसांचा भाग जेमतेम २० ते २५ सेंटिमीटरचा. त्यामुळे अंतरागणिक वेगळा नेम धरावा लागतो आणि त्यासाठी साइटच्या गोल चौकटीत एकाखाली एक पिना असतात. वरची २० यार्डांची, तिच्या खालची ३० ची, असं.

दुसरा भाग म्हणजे पीप साइट. धनुष्याच्या दोरीतच बसवलेलं एक बारीक भोक. दोरी पूर्ण ओढली की ते डोळ्यासमोर येतं. त्या भोकातून पुढची गोल चौकट बघायची, दोन्ही वर्तुळं एकात एक बसवायची आणि पिन हरणावर ठेवायची.

लोक पैसे पिनेवर खर्च करतात. अंधारात आधी दगा देतं ते मात्र हे भोक.

भोकाचं गणित

पीप साधारण तीन मापांत मिळते. १/८ इंच, ३/१६ इंच आणि १/४ इंच. फरक किरकोळ वाटतो, पण उजेड भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतो. १/४ इंचाच्या भोकातून १/८ च्या चौपट उजेड येतो. ३/१६ शी तुलना केली तरी पावणेदोन पटीहून जास्त.

दिवसा हे जाणवत नाही, कारण उन्हात डोळ्याची बाहुलीच दोन-तीन मिलिमीटरची झालेली असते. संध्याकाळी ती उघडते. तरुण माणसाची सात मिलिमीटरपर्यंत जाते. १/८ इंचाचं भोक म्हणजे ३.२ मिलिमीटर. डोळा दार उघडून बसलाय आणि समोर खिडकीची फट, असा प्रकार. साठीनंतर बाहुली पाचेक मिलिमीटरच्या पुढे फारशी उघडत नाही, त्यामुळे वयस्कर शिकाऱ्याला तर हा उजेड आणखी जपून वापरावा लागतो.

मोठं भोक घेतलं की नेम ढिला होतो, अशी एक भीती असते. ती अर्धीच खरी. लहान भोकातून चित्र जास्त रेखीव दिसतं, हे बरोबर. पण शिकारीचं अंतर २०-३० यार्डांचं, त्यात तेवढ्या रेखीवपणाची गरज नसते. भोकाचं आणि चौकटीचं वर्तुळ एकमेकांत नीट बसतंय ना, हे महत्त्वाचं. म्हणून पीप एकटी विकत घ्यायची नाही. दोरी पूर्ण ओढून, आपल्याच साइटची चौकट तिच्यात कशी बसते ते बघून घ्यायची. चाळिशी लागलेले काहीजण पिन स्पष्ट दिसावी म्हणून पीपमध्ये छोटं भिंग बसवतात. दिवसा ते छान चालतं, पण कातरवेळी तेही थोडा उजेड खातं.

मग पिन कशी घ्यायची?

आजकालच्या पिनेच्या टोकाला फायबर ऑप्टिकचा ठिपका असतो. ही रंगीत प्लॅस्टिकची तार आपल्या सगळ्या लांबीवर उजेड शोषते आणि टोकातून बाहेर टाकते. तार जितकी लांब तितका ठिपका तेजस्वी. म्हणून चांगल्या साइटमध्ये ती चौकटीभोवती गुंडाळलेली असते. यात एक सोय आपोआप होते. बाहेरचा उजेड कमी झाला की ठिपकाही मंद होतो.

ठिपक्याची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात. १०, १९ आणि २९ ही नेहमीची मापं. १९ चा ठिपका म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर. डोळ्यापासून पाऊण मीटरवर धरला तर ४० यार्डांवरच्या हरणाचा जवळपास सव्वादोन सेंटिमीटर भाग तो झाकतो. २९ चा साडेतीन. १० चा ठिपका उन्हात झकास, पण संध्याकाळी आधी तोच विझतो. झाडीत बसणाऱ्याने १९ घ्यावा, नजर अधू असेल तर २९. यात फार डोकं खाजवण्यासारखं काही नाही.

रंग मात्र बघून घ्यावा. उजेड उतरत गेला की डोळ्याला तांबडा रंग काळपट दिसू लागतो आणि हिरवा-निळा टिकून राहतो. याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात, चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांच्या नावावरून. त्यामुळे सगळ्यात जास्त वापरली जाणारी पिन, म्हणजे २० यार्डांची, हिरवी असलेली बरी. लाल-हिरव्यात गोंधळ होणाऱ्यांनी दुकानात नव्हे, संध्याकाळी बाहेर नेऊन रंग ठरवावा. पाच पिना असल्या की घाईत चुकीची पिन लावली जाण्याचीही शक्यता असते. कमी उजेडात एक, फार तर तीन पिना पुष्कळ झाल्या.

बॅटरीचा दिवा आणि ट्रिटियम

आता खरी गंमत. साइटवर छोटा दिवा लावता येतो, बहुधा जांभळट प्रकाशाचा. तो तारेवर पडला की पिना लख्ख पेटतात. दिसायला भारी! पण अंधाराला सरावलेल्या डोळ्यासमोर असा ठिपका आला की त्याच्याभोवती तेजोवलय पसरतं. अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका वाटाण्याएवढा वाटू लागतो आणि त्याच्यामागचं करडं-तपकिरी हरीण गायब. दिवा घ्यायचाच असेल तर तेज कमी-जास्त करायची कळ असलेला घ्यावा आणि पिन दिसेल-न दिसेल इतपतच ठेवावा.

ट्रिटियमच्या पिनेला बॅटरी लागत नाही. काचेच्या सूक्ष्म नळीत हायड्रोजनचं हे किरणोत्सारी रूप भरलेलं असतं आणि नळीच्या आतला लेप त्यामुळे चमकतो. प्रकाश मंद, एकसारखा, वलय जवळपास नाही. पण ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. जुनी साइट स्वस्तात मिळाली तर ती आधीच निम्मी विझलेली असू शकते.

खरेदीआधी राज्याचे त्या वर्षीचे नियम वाचणं मात्र टाळता येत नाही. काही राज्यांत धनुष्याला कुठलंही इलेक्ट्रॉनिक साधन जोडायला मनाई असते. आयडाहोसारख्या राज्याने धनुष्याच्या खास हंगामात ट्रिटियमलाही त्याच यादीत बसवलंय. साध्या फायबर पिनेला सहसा कुणाची हरकत नसते.

घेतल्यावर तपासायची कशी?

पांढऱ्या कागदावर नाही. तो अंधारातही दिसतो. हरणाच्या आकाराचं तपकिरी फोमचं लक्ष्य झाडाच्या सावलीत ठेवायचं आणि सूर्यास्तानंतर दर पाच मिनिटांनी दोरी ओढून बघायचं. पिन दिसते का, हा प्रश्न नंतरचा. पीपमधून पुढच्या पायामागची छातीची कड दिसते का? ती दिसेनाशी झाली की त्या साइटचा दिवस संपला, घड्याळात कायद्याची दहा मिनिटं उरली असली तरी. ढगाळ दिवशी किंवा दाट झाडीत ही वेळ बरीच आधी येते.

हे कशासाठी, तर अंदाजाने सोडलेला बाण पोटात किंवा मांडीत लागतो. तसं जखमी हरीण लगेच पडत नाही, तासन्‌तास चालत राहतं आणि रक्ताचा माग रात्री टॉर्चच्या उजेडात काढावा लागतो. पाऊस आला तर तोही पुसतो. छातीत नीट लागलेल्या बाणाने तेच हरीण बहुतेकदा शंभरेक मीटरच्या आत कोसळतं.

भारतात यातलं काहीच लागू नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने इथे शिकारीला बंदी आहे, मग ती बंदुकीने असो वा बाणाने. आपल्याकडे कंपाउंड धनुष्य ५० मीटरवरच्या रंगीत वर्तुळांपुढेच उभं राहतं. तिथे साइटमध्ये मोठं करून दाखवणारं भिंग चालतं, विजेवर चालणारी साइट मात्र चालत नाही. आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच होणार आहे.