'एशियन स्टाईल' सॅल्मनमधले एशियन कोण?

आजचा भाग खाण्याबद्दल आहे, पण ताटापर्यंत पोचायला जरा लांबून जावं लागणार आहे. तेवढा धीर धरा.

यूट्यूबवर 'एशियन स्टाईल बेक्ड सॅल्मन' टाकून बघा. व्हिडिओमागून व्हिडिओ येतील आणि यादी जवळपास तीच: सोया सॉस, आलं, लसूण, मध किंवा ब्राऊन शुगर, तिळाचं तेल, वरून पांढरे तीळ. मासा अर्धा तास मुरवायचा आणि ओव्हनमध्ये सरकवायचा. चवीला भारी लागतो, त्यात वाद नाही. मला पडलेला प्रश्न एवढाच, की ही नक्की कुठल्या एशियातली पद्धत? आपणही एशियातच राहतो की! बांगड्याला हळद, मीठ, तिखट आणि कोकमाचं आगळ चोळून ठेवतो, त्याला 'एशियन स्टाईल' म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

मग जपान का? जपानमध्ये सॅल्मनचं जुनं नातं आहे ते मिठाशी. मीठ लावून टिकवलेला तुकडा भाजायचा आणि सकाळी भाताबरोबर खायचा, त्याला 'शिओझाके' म्हणतात. सोया सॉसमध्ये मासा मुरवण्याची रीतही तिथे आहे. तिचं नाव 'युआन-याकी', एदो काळातल्या किटामुरा युआन या चहाच्या जाणकारावरून पडलेलं. त्यात सोया सॉस, साके आणि मिरिन, म्हणजे तांदळाची गोडसर दारू. लसूण नाही, तिळाचं तेल नाही. आणि तेरियाकी? 'तेरी' म्हणजे चकाकी, 'याकी' म्हणजे भाजणं. हे मुळात बाटलीतल्या सॉसचं नावच नाही. भाजता भाजता वरून थर देत चकाकी आणण्याच्या कृतीचं ते नाव आहे. शिवाय जपानी घरात मासा भाजतात तो बहुतेक वेळा गॅसच्या शेगडीतच बसवलेल्या छोट्या ग्रिलमध्ये.

तर मुरवणं, तेरियाकी, लसूण आणि ओव्हन हे सगळं एकत्र कुठे आलं? अमेरिकेत. आणि तिथे, पश्चिम किनाऱ्यावर, सॅल्मन आणि एशियन माणसं यांची गाठ या रेसिपीच्या कितीतरी आधी पडली होती. स्वयंपाकघरात नाही, कारखान्यात.

१८६६ मध्ये कोलंबिया नदीच्या काठी सॅल्मन डब्यात भरायचा पहिला कारखाना निघाला. १८७०च्या दशकात तिथे चिनी मजूर आले आणि बघता बघता आतलं बहुतेक काम त्यांच्याच हातात गेलं. मुंडकं उडवायचं, कल्ले काढायचे, पोट साफ करायचं, तुकडे करायचे, डबे हाताने झाळायचे. हंगाम आला की दिवसरात्र. पगार ठेकेदारामार्फत. या माणसांनी साफ केलेला सॅल्मन डब्यांतून पार इंग्लंडपर्यंत जात होता.

आणि १८८२ मध्ये अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी केली. असलेले मजूर म्हातारे होत गेले, नवे येईनात. मग कारखानदारांनी जपानी माणसं आणली, पुढे फिलिपिनो. त्याच सुमारास, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, सिएटलच्या एडमंड स्मिथने मासा साफ करणारं यंत्र बनवलं. त्याचं नाव ठेवलं 'आयर्न चिंक'. आयर्न म्हणजे लोखंड, आणि 'चिंक' ही चिनी माणसाला द्यायची शिवी. हे कामगारांनी मागे कुजबुजलेलं टोपणनाव नव्हतं बरं का. यंत्र याच नावाने विकलं जायचं. माणसाची जागा घेणाऱ्या यंत्रालाही त्या माणसाची शिवीच!

अलास्काच्या कारखान्यांत तर राहायच्या खोल्या वेगळ्या, जेवायच्या जागा वेगळ्या. गोऱ्यांचं जेवणघर एक, फिलिपिनो आणि स्थानिक आदिवासी कामगारांचं दुसरं. ही फार जुनी गोष्ट वाटते ना? याविरुद्ध कामगारांनी खटला भरला तो १९७४ मध्ये. तो 'वॉर्ड्स कोव्ह' खटला म्हणून ओळखला जातो. १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, पाच विरुद्ध चार, कंपनीच्या बाजूने.

आता बाटलीकडे या. जपानच्या किक्कोमन कंपनीने १९५७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ऑफिस उघडलं. सोया सॉस फक्त जपानी जेवणापुरता विकला तर किती खपणार? म्हणून त्यांनी तो अमेरिकन मटणाला, कोंबडीला, बार्बेक्यूला लावायला शिकवला. पुढे तेरियाकी सॉस तयार बाटलीत आला आणि कृतीचं नाव वस्तूला चिकटलं. १९७३ मध्ये विस्कॉन्सिनात किक्कोमनचा कारखानाच सुरू झाला. १९७६ मध्ये, म्हणजे तो खटला कोर्टात पडून असताना, तोशिहिरो कासाहारा यांनी सिएटलमध्ये तेरियाकीचं छोटं हॉटेल काढलं. मिरिनच्या जागी साखर, स्वस्त आणि भरपेट. नंतर शहरभर अशी हॉटेलं झाली, आणि त्यातली पुष्कळशी कोरियन कुटुंबं चालवायला लागली.

राहिला शब्द. 'एशियन अमेरिकन' हा शब्द १९६८ मध्ये बर्कलीत युजी इचिओका आणि एम्मा जी यांनी पुढे आणला. तोवर या सगळ्यांना 'ओरिएंटल' म्हणायचे. चिनी, जपानी, फिलिपिनो पोरांनी एकत्र येऊन भांडायचं, म्हणून हा शब्द. माझं मत विचाराल तर रेसिपीच्या नावात हा शब्द बघून मला थोडं अवघडायलाच होतं. ज्या शब्दाखाली मोर्चे निघाले, त्याचा अर्थ आता 'सोया सॉस घातलेलं काहीही' असा झालाय.

असो. करायचा तर नीट करा. दोन तुकड्यांना तीन मोठे चमचे सोया सॉस, दीड चमचा मध, किसलेलं आलं, लसणाची एक पाकळी, तिळाचं तेल अगदी थोडं. यातलं अर्धं आधीच वेगळं काढून ठेवा. कच्चा मासा बुडवलेलं पाणी नंतर वरून ओतायचं नाही. वीस-तीस मिनिटं मुरवणं पुरे. सोया सॉस फार खारट असतो, रात्रभर ठेवलात तर मासा घट्ट होईल. ओव्हन २०० डिग्री, इंचभर जाड तुकड्याला साधारण बारा ते पंधरा मिनिटं. बाजूला काढलेलं मिश्रण पातेलीत आटवा आणि शेवटच्या तीन-चार मिनिटांत दोनदा ब्रशने लावा. आधीपासून लावलंत तर मध करपेल. चकाकी येते ती याच थरांमुळे. वर पांढरं काही आलं तर घाबरू नका, ते माशातलं प्रथिन असतं.

आणि सॅल्मन परवडत नसेल तर रावस घ्या. हॉटेलांच्या मेनूत त्याला 'इंडियन सॅल्मन' म्हणतात. तो सॅल्मनच्या कुळातला नाहीच, पण हेही नाव कुणीतरी विकायच्या सोयीसाठीच ठेवलं असणार. रावसात तेल कमी असतं, म्हणून दोन मिनिटं आधी बाहेर काढा.