देवराज मार्केटमधील बांगड्यांचे दुकान

म्हैसूर भागात बांगड्या दुकानात मिळू लागल्या त्याआधी त्या दारावर येत. कन्नडमध्ये बांगडी म्हणजे बळे आणि ती विकणारा बळेगार. आपल्याकडचा कासारच तो. ओसरीवर बसून तो बाईचा हात हातात घेई, अंगठ्याखालचा उंचवटा दाबत दाबत काचेची बांगडी मनगटावर सरकवी. बांगड्या भरायच्या असत, आणि एकदा भरल्या की वाढेपर्यंत उतरत नसत. गावोगाव फिरणारा असल्याने माहेरची खबरही तोच आणी. कन्नड लोकगीतांत बळेगाराला मायेचे स्थान मिळाले ते त्यामुळेच.

पुढे हा व्यवहार सयाजीराव रोडवरच्या देवराज मार्केटमध्ये गेला. चिक्क गडियार, म्हणजे धाकट्या घड्याळापासून धन्वंतरी रोडपर्यंत पसरलेली ही शंभरीपार मंडई. हळदी-कुंकवाचे रंगीत ढीग, हातावर मोजून विकले जाणारे मल्लिगे फुलांचे गजरे, आणि नळीवर रचलेल्या बांगड्यांची दुकाने. दारावर येणाऱ्या बळेगाराकडून घेण्यात आणि स्वतः बाजारात जाऊन निवडण्यात मोठे अंतर आहे, आणि ते एका पिढीत कापले गेले नाही.

म्हैसूर संस्थानात मुलींसाठी महाराणी शाळा 1881 मध्ये सुरू झाली. 1894 च्या कायद्याने आठ वर्षांखालील मुलींची लग्ने बंद केली, तसेच पन्नाशीपुढच्या पुरुषाने चौदा वर्षांखालील मुलीशी लग्न करण्यासही मनाई केली. आठ ही मर्यादा आज वाचताना अंगावर काटा येतो. त्या काळी तीही अनेकांना जाचक वाटली. 1933 च्या कायद्याने विधवा आणि मुली यांचे मालमत्तेतील हक्क वाढवले. ब्रिटिश हिंदुस्थानात तसा कायदा यायला 1937 साल उजाडले. विधवेच्या हातात जमिनीचा हिस्सा येऊ शकत होता. हातातल्या बांगड्या मात्र नवऱ्याबरोबरच गेलेल्या असत.

सामान्य घरातल्या बाईच्या हाती स्वतःचा पैसा आला तो बऱ्याच अंशी उदबत्तीमुळे. कोळशाची पूड आणि जिगट नावाची चिकट पूड यांचा लगदा पाटावर घ्यायचा, बांबूची काडी त्यावर ठेवून तळव्याने वळायची. मजुरी हजार काड्यांवर. काम घरच्या घरी, मजुरी तुटपुंजी, हात काळे. 2005 मध्ये म्हैसूर अगरबत्तीला भौगोलिक निर्देशांक मिळाला, पण तिची कीर्ती ज्या हातांवर उभी राहिली त्यांची नावे पुड्यावर कधीच आली नाहीत.

दुकानातही रीत बदलली. गिऱ्हाईक हात पुढे करण्याऐवजी आकडा सांगू लागले: दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. रुपयाचे सोळा आणे तसे इंचाचे सोळा भाग. दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच. नाणी 1957 मध्ये दशमान झाली, बांगडीचे माप झाले नाही. माप ठाऊक असले की बाई बांगडी स्वतःच चढवते आणि रात्री काढूनही ठेवते. शाळा-कचेरीत जाणाऱ्यांच्या एका हातात घड्याळ आले. काचेशेजारी प्लास्टिक, धातू आणि साडीला जुळणारे संच मांडले गेले.

सगळ्यात मोठी गर्दी मात्र अजून गौरी हब्बाच्या, म्हणजे गौरीच्या सणाच्या आधी होते. तेव्हा सुवासिनींना ‘मोरद बागिन’ देतात: सुपात हळद, कुंकू, बांगड्या, काळे मणी, आरसा, फणी, खण, वर दुसरे सूप झाकायचे. मराठी वाणाचेच हे भावंड. पूर्वी घरी एकेक वस्तू जमवत. आता बागिन बाजारात तयार मिळते.

2023 च्या 11 जूनला कर्नाटकातल्या साध्या सरकारी बसमध्ये स्त्रियांचा प्रवास मोफत झाला. त्याच वर्षी 30 ऑगस्टला कुटुंबप्रमुख स्त्रीच्या खात्यात दरमहा 2000 रुपये जमा करणारी ‘गृहलक्ष्मी’ योजना म्हैसूरमध्येच सुरू झाली. नंजनगूड, टी. नरसीपूरकडच्या बाईला आता बाजारात यायला तिकिटाचे पैसे कुणाकडे मागावे लागत नाहीत.

विधवेच्या बांगड्यांचा प्रश्न मात्र उरतोच. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि महाराष्ट्र सरकारने तो इतर गावांपुढे ठेवला. देवराज मार्केटमधला दुकानदार कोणत्याही बाईला बांगड्या विकतो. बागिन अजून सुवासिनीलाच दिले जाते.