एकनाथांची ज्ञानेश्वरी आणि आमची मेन ब्रँच

आज थोडा इतिहास, पण सुरुवात आमच्याच एका घोळापासून.

नाशिकमध्ये आम्ही चौघं मिळून द्राक्ष बागायतदारांच्या हिशोबाचं वेब ॲप चालवतो. मागच्या हंगामात एकाने वजनाची चूक दुरुस्त केली, दुसऱ्याने त्यावर आपली जुनी फाईल चढवली. दुरुस्ती गायब! एका बागायतदाराला बिलात पैसे कमी दिसले आणि फोन मला आला. कोड सांभाळायची एक पद्धत ठरवायलाच हवी होती. पण कोणती?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. ज्ञानेश्वरी पूर्ण झाली १२९० साली. छापखाना नव्हता, प्रत्येक प्रत हाताने उतरवलेली. कुणी शब्द चुकला, कुणी पदरची ओवी घातली. पुढे याच गोदावरीच्या काठी, पैठणला, १५८४ साली एकनाथांनी पाठ शुद्ध केला. शेवटी शक नोंदवला, काय केलं ते सांगितलं आणि यात कुणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीद दिली. आमच्या भाषेत सांगायचं तर मर्ज, कमिट मेसेज आणि कुलूप लावलेली मेन ब्रँच!

पण एक गोष्ट राहिली. कुठे काय बदललं, याची नोंद त्या पाठासोबत आली नाही. म्हणूनच १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथांच्या आधीची म्हणून एक ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा ती एवढी महत्त्वाची ठरली.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारतासाठी वेगळी वाट धरली. १९१९ ते १९६६ काम चाललं, १,२५९ हस्तलिखितं पाहिली गेली. वर ठरवलेला पाठ, खाली पाठभेद. जिथे खात्री कमी, तिथे नागमोडी रेघ. मुख्य पाठ एकच, पण फरक फेकून दिले नाहीत.

२००५ साली लिनस टोरवाल्ड्सने लिनक्ससाठी गिट लिहिलं, त्यात प्रत्येकाकडे सगळा इतिहास असतो. पण ब्रँच किती ठेवायच्या, हे गिट सांगत नाही. २०१० मध्ये व्हिन्सेंट ड्रिसेनने गिट-फ्लो मांडला: डेव्हलप, रिलीज, हॉटफिक्स अशा वेगवेगळ्या ब्रँच. २०२० मध्ये त्यानेच लिहिलं की सतत अपडेट होणाऱ्या वेब ॲपसाठी याहून सोपी पद्धत घ्या. ज्यांना जुन्या आवृत्त्याही सांभाळाव्या लागतात, त्यांना गिट-फ्लो उपयोगी पडतो.

आमच्या ॲपची एकच आवृत्ती चालू असते, आठवड्यातून दोन-तीनदा बदलते. मग आम्ही ठरवलं: मेन ब्रँच एकच. कामाची ब्रँच दोन दिवसांत मर्ज करायची. दुसऱ्याने वाचल्याशिवाय मर्ज नाही. आणि कमिट मेसेजमध्ये ‘काय’बरोबर ‘का’ही लिहायचं.

परवा वजनाचा तोच भाग पुन्हा बदलावा लागला. जुनी दुरुस्ती कुणी, कधी, का केली, ते दोन मिनिटांत सापडलं. या वेळी मला फोन आला नाही.

तुमच्या टीममध्ये मर्ज करायच्या आधी कोड कोण वाचतं? उत्तर ‘कुणीच नाही’ असेल, तर सुरुवात तिथून करा. भेटू पुढच्या भागात!