चूकभूल द्यावी घ्यावी

परवा भाच्याचा फोन आला. "आत्या, चार दिवस येऊन राहशील का? चिकाटीनं बसणारं माणूस हवंय." त्याचा साताऱ्यात छापखाना आहे. म्हणजे आमच्या अण्णांचाच. आता खिळे गेले आणि ऑफसेट आलं, एवढाच फरक. छपाईच्या खर्चाचा अंदाज काढायचं सॉफ्टवेअर त्यानं नवीन घेतलं आहे. त्यात कागदवाले, शाईवाले, प्लेटवाले या सगळ्यांची दरपत्रकं भरायची होती. मी वाचायचं आणि त्यानं टाकायचं. चौतीस वर्षं हजेरीपट वाचलेल्या बाईला हे काम जड नव्हतं!

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. करून बघायला म्हणून मी 160 पानांच्या, 1000 प्रतींच्या डेमी पुस्तकाचा अंदाज काढायला सांगितला. (हेच पुस्तक का, ते पुढे सांगते.) खर्च इतका कमी आला की भाचा हसायलाच लागला. झालं होतं असं, की एका कागदवाल्याचा दर किलोचा, दुसऱ्याचा रिमाचा आणि कार्डाचा पाकिटाचा. मी किलोचा दर वाचला आणि त्यानं तो रिमाच्या रकान्यात टाकला.

आता हिशेब बघा. 23 गुणिले 36 इंची, 60 जीएसएमचा कागद घेतला, तर लांबी, रुंदी आणि जीएसएम यांचा गुणाकार करून 3100 ने भागायचं. 500 तावांच्या रिमाचं वजन मिळतं, साधारण 16 किलो. म्हणजे आमचा कागद सोळापट स्वस्त झाला होता! पुस्तकाचे सोळा पानी 10 फॉर्म, एका फॉर्मला एक रीम, असे दहा रीम आणि वाया जाणारा अर्धा. सगळा मिळून 168 किलो कागद. एवढ्याशा रकान्याच्या चुकीनं छापखाना बसू शकतो.

दुसरा रकाना होता 'लागू तारीख'. मी म्हटलं, "हा रिकामा ठेवला तर?" भाचा म्हणाला, "चालतं, पण ठेवायचा नाही. आणि नवा दर आला तरी जुना पुसायचा नाही. तारीख घालून नवा खाली लिहायचा. कुठल्या दरावर कुणाला शब्द दिला होता, ते नंतर कळायला पाहिजे."

तो सहज बोलून गेला. मी मात्र रात्री बराच वेळ जागी होते.

इतिहास शिकवताना मुलांना मी गुटेनबर्ग शिकवला, पण कर्ता म्हणून. कर्जदार म्हणून कधी शिकवला नाही. योहान फुस्ट नावाच्या सावकारानं त्याला आधी 800 गुल्डेन दिले आणि दोनेक वर्षांनी आणखी 800. 1455 मध्ये फुस्टनं व्याजासकट 2026 गुल्डेनचा दावा लावला. त्या खटल्याचा 6 नोव्हेंबर 1455 चा कागद आजही शिल्लक आहे. त्यात खर्चाच्या बाबी आहेत : मजुरी, घरभाडं, चर्मपत्र, कागद, शाई. छपाईच्या जन्माचा एवढा मोठा पुरावा, आणि तो आहे पैशाच्या भांडणाचा!

पुढच्या शतकात अँटवर्पला क्रिस्तोफ प्लांतँ होऊन गेला. त्याच्या छापखान्याच्या हिशेबाच्या वह्या तिथल्या संग्रहालयात आहेत. 2001 साली युनेस्कोनं त्या जगाच्या स्मृतीत नोंदवल्या. त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. पुस्तकात सगळ्यात जास्त पैसा जायचा तो कागदात, कामगारांच्या मजुरीपेक्षाही जास्त. म्हणजे मुद्रकाचं नफा-नुकसान त्याच्या हातापेक्षा कागदवाल्याच्या दरावर ठरायचं.

आपल्याकडे गणपत कृष्णाजींनी 1831 साली मुंबईत मराठी पंचांग छापलं. त्यांना यंत्रही स्वतःच घडवावं लागलं आणि शाईही स्वतःच करावी लागली. विकणाराच नाही, तिथे दरपत्रक कुठलं असणार? दरपत्रक येतं ते बाजार आल्यावर. आणि बाजार आला की दर हलायला लागतात. अमेरिकेत 1917 साली सॉल्ट लेक सिटीच्या पोर्ट नावाच्या गृहस्थांनी 'फ्रँकलिन' नावाचं दरपुस्तकच काढलं. कुठल्या कामाला गिऱ्हाइकाला काय सांगायचं, ते त्यात बघून सांगायचं. छोट्या मुद्रकाला खरा अंदाज काढता येत नाही, म्हणून तो कमी सांगतो आणि बुडतो, हे तिकडेही होतंच.

आमच्या अण्णांजवळ असलं पुस्तक नव्हतं. लाल कापडी बांधणीची एक वही होती. सुरुवातीच्या पानांवर दर आहेत पौंडाला अमुक आणे असे. 1 एप्रिल 1957 नंतर आणे जाऊन नवे पैसे येतात, पुढे पौंड जाऊन किलो येतात. रीमही आधी 480 तावांचा (24 तावांचा दस्ता आणि 20 दस्त्यांचा रीम), मग 500 चा. माप, वजन, नाणं, सगळं बदललं, पण वही तीच राहिली. घाऊक कागदवाल्यांची पोस्टकार्डं यायची. त्यावरचा दर अण्णा वहीत उतरवायचे आणि आधीचा खोडायचे. तारीख घालत नसत.

आता त्या 160 पानी पुस्तकाचं सांगते. आमचे एक गुरुजी होते. अण्णांनाही त्यांनीच शिकवलेलं आणि मलाही. निवृत्तीनंतर गावोगाव पायी हिंडून त्यांनी आसपासच्या देवळांची माहिती गोळा केली. 1973 च्या श्रावणात अण्णांनी त्यांना छपाईचा आकडा सांगितला. गुरुजींनी निम्मे पैसे दिले. खिळ्यांच्या छपाईत लहान छापखान्याला सगळं पुस्तक एकदम जुळवता येत नसे, तेवढा टाइपच नसायचा. एक फॉर्म जुळवायचा, छापायचा, टाइप सोडवायचा, मग पुढचा. कागदही तसाच लागेल तसा आणायचा. म्हणून दहा फॉर्मना महिने लागायचे.

आणि ते महिने कसले होते! ऑक्टोबर 1973 मध्ये तेलाचं संकट आलं. 1974 साली देशातली महागाई 25 टक्क्यांच्याही वर गेली. कागद मिळेना, आणि मिळाला तर भाव भलताच. सहा फॉर्म झाले आणि अण्णांनी हात टेकले. त्यांनी गुरुजींकडे वाढीव पैसे मागितले. गुरुजी एवढंच म्हणाले, "तू शब्द दिला होतास." पेन्शनवर जगणारा माणूस, देणार कुठून? ते निघून गेले आणि परत आले नाहीत. पुस्तक कधीच निघालं नाही. मी तेव्हा तेवीस वर्षांची, नुकतीच शिक्षिका झालेली. मी अण्णांना तोंडावर म्हटलं, "तुम्ही शब्द मोडलात." ते म्हणाले, "कागदवाल्यानं मला कुठं शब्द दिला होता?" मला ती पळवाट वाटली. पुढे आयुष्यभर हा विषय आम्ही दोघांनी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला माळ्यावरून लाल वही काढायला सांगितली. गुरुजींच्या पुस्तकाचं पान सापडलं. पहिले तीन फॉर्म घरात असलेल्या कागदावर छापले होते. चौथा, पाचवा, सहावा चढत्या भावानं आणलेल्या कागदावर. सांगितलेला दर आणि दिलेला दर यांतला फरक गुरुजींच्या नावावर नव्हता. तिन्ही वेळा समोर लिहिलं होतं, 'घरखर्च'. म्हणजे तीन फॉर्म अण्णांनी आमच्या ताटातून छापले होते आणि कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही, गुरुजींनाही नाही.

यानं अण्णा सुटले, असं मी म्हणणार नाही. चार फॉर्म राहिले ते राहिलेच. पण दोघांपैकी खोटं कुणीच नव्हतं, हे कळायला मला पन्नास वर्षं लागली. एक ओळ हवी होती फक्त : 'हा दर अमुक तारखेपर्यंतच.' भिडेपोटी ती कुणी लिहिली नाही. गुरुजींसमोर तारखेची अट घालायची, हे अण्णांना उद्धटपणाचं वाटलं असणार. आपल्याकडे बिलाखाली 'चूकभूल द्यावी घ्यावी' लिहायची पद्धत आहे. पण चूक कुणाची आणि भूल कुणाची, हे ठरवायला आधी तारीख लागते.

वहीशेजारीच सुतळीनं बांधलेला गठ्ठा होता. सहा फॉर्म पिवळे पडलेले, कडा कसरीनं खाल्लेल्या, आणि आत उरलेल्या चार फॉर्मचं गुरुजींच्या अक्षरातलं हस्तलिखित. सगळी दरपत्रकं भरून झाल्यावर पहिलं खरं अंदाजपत्रक आम्ही त्याच पुस्तकाचं काढलं, दहाच्या दहा फॉर्मचं. पैसे मी माझ्या पेन्शनमधून देणार आहे. गुरुजींच्या नातीला पत्र पाठवून परवानगी मागितली आहे, उत्तर अजून यायचंय.

अंदाजपत्रकाखाली भाच्यानं छापलं आहे : 'हे दर 15 दिवसांपुरते.' मी म्हटलं, "अरे, आत्यालासुद्धा?" तर म्हणतो, "आत्याला आधी!"

बरोबर आहे त्याचं.