नोकरी, संसार आणि पुन्हा शाळा

शाळा सुटण्याची कारणे बहुधा घरातच असतात. वडिलांचे आजारपण, शेतीतील नापिकी, लवकर झालेले लग्न किंवा दहावीला एखाद्या विषयात आलेले अपयश. पुढे नोकरीतील बढती अडते, मुलांचा अभ्यास घेताना अडखळायला होते आणि राहून गेलेले शिक्षण पूर्ण करण्याची इच्छा पुन्हा उचल खाते. वयाच्या तिशी-चाळिशीत शिक्षणाकडे वळणाऱ्यांपुढे शुल्कापेक्षाही मोठा प्रश्न असतो तो वेळेचा. नोकरी आणि घर सांभाळून अभ्यासाला वेळ कोठून काढायचा, याचे उत्तर प्रवेशापूर्वीच शोधावे लागते.

परंपरा जुनी आहे

महाराष्ट्रात या प्रश्नाचा विचार फार पूर्वीपासून झाला आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी व मजुरांसाठी पुण्यात रात्रीची शाळा सुरू केली. रमाबाई रानडे यांनी स्वतः लग्नानंतर, एकत्र कुटुंबातील विरोध सोसून शिक्षण घेतले होते. १९०९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनात प्रौढ स्त्रियांसाठी वर्ग भरू लागले. मुंबईत ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रीच्या शाळा व वाचनालये चालविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ मध्ये सुरू झाले, तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांची सोय हा त्यामागील एक महत्त्वाचा विचार होता. शिकणाऱ्याने आपले काम सोडून शाळेत यावे असा आग्रह या संस्थांनी धरला नाही. त्याच्या सवडीप्रमाणे त्यांनी शाळेची वेळ ठरविली.

आजचे मार्ग

अक्षरओळखीपासून सुरुवात करणाऱ्या, १५ वर्षांवरील व्यक्तींसाठी 'उल्लास' हा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी आखण्यात आला आहे. त्यातील चाचणी १५० गुणांची असून वाचन, लेखन व संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण आहेत.

दहावी-बारावीसाठी प्रामुख्याने तीन पर्याय आहेत.

रात्रशाळा : दिवसभर काम करून सायंकाळी वर्गात बसू शकणाऱ्यांसाठी हा पर्याय आहे. समोर शिक्षक असतात आणि आपल्यासारखेच कष्ट करून आलेले सहाध्यायी भेटतात, हा त्याचा मोठा लाभ. मुंबईत एकेकाळी गिरणी कामगार या वर्गांत बसत. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे युग ओसरले आणि दुकाने, उपाहारगृहे, कार्यालये व घरकाम यांतून येणाऱ्यांनी त्यांची जागा घेतली. रात्रशाळांपुढील अडचणीही कमी नाहीत. दिवसाच्या शाळेत नोकरी असलेल्या शिक्षकांना रात्रशाळेतून कमी करण्याच्या मे २०१७ मधील शासन निर्णयाने अनेक वर्गांत शिक्षकांची चणचण निर्माण झाली होती. कामावरून थेट, उपाशीपोटी येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी अल्पोपाहाराची सोय करण्यासारखे काम मुंबईत 'मासूम' या संस्थेने केले आहे.

सतरा नंबरचा अर्ज : राज्य मंडळाच्या दहावी-बारावी परीक्षेला खासगी विद्यार्थी म्हणून बसण्यासाठी हा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. शाळा सोडल्याचा दाखला आवश्यक असतो व विद्यार्थ्याला एक संपर्क केंद्र मिळते. परीक्षा नियमित विद्यार्थ्यांबरोबरच होते. मात्र रोजच्या अध्यापनाची सोय स्वतःच करावी लागते.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था : १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून सुरू झालेल्या या केंद्रीय संस्थेची नोंदणी पाच वर्षे वैध राहते. या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि एकेक विषय सोडविता येतो. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांना किंवा घरात लहान मूल असलेल्या स्त्रियांना ही लवचिकता उपयोगी पडते.

पदवीसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ पासून कार्यरत आहे. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद आहे. मान्यताप्राप्त संस्थेतून दूरशिक्षणाने मिळविलेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. तरीही प्रवेशापूर्वी संस्थेची व त्या विशिष्ट अभ्यासक्रमाची चालू वर्षाची मान्यता आयोगाच्या संकेतस्थळावर तपासावी. पात्रतेचे नियम बदलत असल्याने जुन्या माहितीपुस्तिकेवर विसंबू नये.

अर्ज भरण्यापूर्वी

शाळा सोडल्याचा दाखला हरवला असल्यास मूळ शाळेकडे दुय्यम प्रतीसाठी आधीच अर्ज करावा. त्यात वेळ जातो. विवाहित स्त्रियांच्या दाखल्यावर माहेरचे आणि आधारपत्रावर सासरचे नाव असते. अशा वेळी विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र लागू शकते. अंतिम मुदतीच्या आठवड्यात ही धावपळ टाळलेली बरी.

त्यानंतर आठवड्याचा हिशेब मांडावा. सायंकाळ नक्की मोकळी मिळत असेल, तर रात्रशाळा उत्तम. वर्गामुळे अभ्यासाला आपोआप शिस्त लागते. कामाच्या वेळा बदलत्या असतील, तर मुक्त विद्यालय सोयीचे. एक-दोन विषयच राहिले असतील, तर आधीचे गुण कोणत्या मंडळाकडे ग्राह्य धरले जातात, याची चौकशी करावी. कामाच्या ठिकाणी परीक्षेच्या तारखा लेखी कळवून रजेची तजवीज वेळेवर करावी.

घराचा वाटा

मुक्त शिक्षणाने हजेरीची अट सैल केली. मात्र जे वेळापत्रक पूर्वी शाळा आखून देत असे, ते आता शिकणाऱ्याला स्वतः आखावे लागते. पुरुषाच्या अभ्यासासाठी घर सहसा शांत होते. स्त्रीला मात्र स्वयंपाक, मुले आणि आजारपणे आटोपल्यावर उरलेल्या वेळात पुस्तक उघडावे लागते. परीक्षेच्या महिन्यात सकाळचा डबा कोण करणार, मुलांना शाळेत कोण सोडणार, हे आधी ठरले नाही, तर भरलेले शुल्कही वाया जाते. म्हणून प्रवेश अर्जाबरोबरच घरातील कामांची वाटणीही लेखी केली, तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही. रोजचा एक तास घराने मान्य केला, तर पाच वर्षांची मुदत पुरेशी आहे.