गाडी नवी, शब्द जुने

नवें यंत्र जन्मास आलें म्हणजे त्याच्यासाठीं भाषेची टांकसाळही लागलीच सुरू होते, अशी पुष्कळांची समजूत असते. आगगाडींत चढण्याउतरण्याचे इंग्रजी शब्द पाहिले असतां ही समजूत टिकत नाहीं. त्यांतील बहुतेक शब्द घोडा, जहाज व घोडागाडी या जुन्या वाहनांकडून उसने घेतलेले आहेत.

इंग्लंडांत उतारूंसाठींच्या सूचनांतून 'अलाइट' हें क्रियापद आजही आढळतें. प्राचीन इंग्रजींत त्याचें नातें 'हलकें करणें' या अर्थाशीं आहे. स्वार उतरला कीं घोड्याचा भार हलका होई. घोडा केव्हांच गेला, पण डब्यांतून उतरणारा उतारू अजून त्याचा भार हलका करीतच आहे!

'बोर्ड' म्हणजे मूळची फळी, पुढें जहाजाची बाजू. अमेरिकेंत रॉबर्ट फुल्टनची आगबोट १८०७ सालीं हडसन नदींत चालूं लागली. आगगाडी तेथें त्यानंतर वीसेक वर्षांनीं आली. तेव्हां तिच्या 'ऑल अबोर्ड' या हांकेंत बंदराच्या धक्क्याचा सूर उमटावा, हें स्वाभाविकच होय.

इंग्लंडांत घोडागाड्यांचें राज्य होतें. आरंभींचे कित्येक डबे म्हणजे एकास एक जोडलेले घोडागाडीचे सांगाडेच. त्यामुळें 'कोच', 'गार्ड', 'बुकिंग' हे शब्द आणि 'गेट इन', 'गेट आउट' हे प्रयोग सरळ रुळांवर आले. खास आगगाडीसाठीं घडविलेले 'एन्ट्रेन' व 'डीट्रेन' हे शब्द मात्र मुख्यतः पलटणींच्या हालचालींपुरतेच राहिले.

शब्द उसने चालतात. संवयी उसन्या घेतल्या कीं घात होतो. १५ सप्टेंबर १८३० रोजीं, लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या उद्घाटनाच्या दिवशीं, पाहुण्यांची गाडी पार्कसाइड येथें पाणी घेण्यास थांबली. डब्यांतच बसावें अशी सूचना असतांही कित्येक मंडळी खालीं उतरली. घोडागाडी थांबली कीं पाय मोकळे करावे, ही पिढीजात रीत! पार्लमेंटचे सभासद विल्यम हस्किसन हे ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या डब्यापाशीं जाऊन बोलूं लागले, तोंच शेजारच्या रुळांवरून 'रॉकेट' इंजिन आलें. घोडा माणूस पाहून बिचकतो, गाडीवान लगाम खेंचतो. त्या इंजिनाला ब्रेकही नव्हता. हस्किसन डब्याच्या दाराला बिलगले, दार उघडून इंजिनाच्या वाटेंत आलें, आणि ते रुळांवर पडले. पाय चिरडला जाऊन त्याच रात्रीं त्यांचें देहावसान झालें.

याबद्दल भाषेस दोष देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी गेली, तेव्हांपासून आम्ही मराठी लोकही बैलगाडीप्रमाणेंच 'गाडींत बसतों' आणि 'गाडींतून उतरतों'. ओळखीच्या शब्दानें अनोळखी यंत्राची भीति कमी होते, हा मोठाच लाभ होय. मात्र शब्द ओळखीचा म्हणून वस्तूही ओळखीची, असें मानण्याची किंमत पार्कसाइडास पहिल्याच दिवशीं द्यावी लागली.