आमदारांना सरकारी पैशातून टॅब द्यावेत का? चिडण्याआधी हा हिशेब बघा

बुलढाणा जिल्ह्यातलं मलकापूर. कराडजवळचं नाही आणि शाहूवाडी तालुक्यातलंही नाही. मुंबईहून हावड्याकडे जाणारी गाडी भुसावळ सोडते आणि थोड्याच वेळात विदर्भाचं दार उघडतं, ते हे मलकापूर. इथल्या आमदाराला अधिवेशनासाठी मुंबई गाठायची तर जवळपास पाचशे किलोमीटर आणि हिवाळी अधिवेशनासाठी नागपूर गाठायचं तर साडेतीनशेच्या आसपास प्रवास करावा लागतो.

हा प्रवास मोकळ्या हाताने होत नाही. रोजच्या कामकाजाचा क्रम, तारांकित प्रश्नोत्तरांची यादी, लक्षवेधी सूचना, विधेयकं, पुरवणी मागण्यांची पुस्तकं, समित्यांचे अहवाल असं बरंच काही सोबत असतं. अर्थसंकल्पाच्या दिवशी तर आमदारांच्या हातात पुस्तकांनी भरलेल्या पिशव्याच पडतात. त्यातली किती पुस्तकं उघडली जातात हा प्रश्न विचारायचा नसतो.

आता या सगळ्याऐवजी एक टॅब दिला तर? कागद वाचेल, वजन वाचेल आणि आमदाराला हवी ती माहिती जागेवर मिळेल. पण अशी बातमी आली की खाली पहिली कमेंट ठरलेली असते: "पगार आमच्या पैशातून, पेन्शन आमच्या पैशातून, आता टॅबपण?" या कमेंटमध्ये तथ्य किती, ते आकड्यांवरून बघूया.

मंत्र्यांचे आयपॅड आधीच आलेत

महाराष्ट्रात हा विषय गाजला तो मंत्रिमंडळामुळे. जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारने 'ई-कॅबिनेट' करायचं ठरवलं. म्हणजे मंत्रिमंडळ बैठकीचे प्रस्ताव कागदाच्या गठ्ठ्यांऐवजी स्क्रीनवर येणार. त्यासाठी जून 2025 मध्ये 50 आयपॅड घ्यायला मंजुरी मिळाली, खर्च 1 कोटी 16 लाख रुपये. भागाकार केला तर कीबोर्ड, पेन्सिल आणि कव्हरसह एका संचाची किंमत 2 लाख 32 हजार रुपये होते.

स्क्रीनवरून कारभार करण्याची कल्पना त्याआधीचीच आहे. देवेंद्र फडणवीस यांनी 9 मार्च 2023 ला अर्थमंत्री म्हणून अर्थसंकल्प मांडला तो आयपॅडवरूनच वाचून. दिल्लीत निर्मला सीतारामन यांनी 2021 मध्ये बजेटसाठी टॅब आणला होता. त्याच वर्षी उत्तर प्रदेश सरकारने कागदाशिवाय बजेट मांडायचं ठरवून आमदारांना आयपॅड घ्यायला सांगितलं आणि 50 हजार रुपयांपर्यंतची भरपाई देऊ केली.

इथे दोन आकडे समोरासमोर येतात. एकीकडे 50 हजार, दुसरीकडे 2 लाख 32 हजार. मधल्या चार वर्षांत किमती वाढल्या हे खरं, पण एवढ्या नाही. पीडीएफ वाचायला, प्रश्न पाठवायला आणि भाषणाचे मुद्दे उघडायला बाजारातलं सर्वात वरचं मॉडेल लागत नाही, हे तुम्हालाही माहितीय.

महाराष्ट्रात विधानसभेचे 288 आणि विधान परिषदेचे 78 असे 366 सदस्य आहेत. सगळ्यांना 50 हजारांचा टॅब दिला तर खर्च होतो 1 कोटी 83 लाख. मंत्र्यांच्या दराने दिला तर साधारण साडेआठ कोटी. म्हणजे टॅब द्यायचा की नाही यापेक्षा कोणता द्यायचा, यावर जास्त पैसे अवलंबून आहेत.

आमदारांना या कामासाठी आधीपासून काय मिळतं?

हा भाग कमेंटमध्ये सहसा येत नाही. 2016 मध्ये आमदारांचं वेतन वाढलं तेव्हा बातमी झाली ती मूळ पगाराची. पण त्या रकमेत इतर भत्तेही आहेत. दूरध्वनीसाठी महिन्याला 8 हजार, लेखनसामग्री आणि टपालासाठी 10 हजार आणि संगणक चालकाच्या सेवेसाठी आणखी 10 हजार रुपये.

शेवटचा भत्ता पुन्हा वाचा. आमदाराच्या कार्यालयात कॉम्प्युटर चालवणारा माणूस असावा म्हणून राज्य दर महिन्याला पैसे देतं. 366 सदस्यांना हा भत्ता मिळतो असं धरलं तर वर्षाचे 4 कोटी 39 लाख होतात. आणि 50 हजारांचा टॅब पाच वर्षं चालला तर वर्षाला खर्च पडतो 10 हजार. ऑपरेटरसाठी एका महिन्यात जेवढे मिळतात तेवढाच.

टॅबच्या विरोधात असलेले लोक याच हिशेबाकडे बोट दाखवतात. लेखनसामग्रीचा भत्ता आहे, ऑपरेटरचा आहे, फोनचा आहे, मग टॅब त्यातूनच घ्या ना. मुद्दा चुकीचा नाही. पण भत्त्यातून घेतलेला टॅब त्या आमदाराचा खासगी होतो. त्यावर कोणतं अ‍ॅप असावं, तो हरवला तर कुणाला कळवायचं, आमदारकी गेल्यावर त्यातल्या समितीच्या गोपनीय कागदांचं काय करायचं, हे विचारायचा अधिकार मग कुणालाच राहत नाही.

मलकापूरचंच घ्या. 2019 मध्ये इथे काँग्रेसचे राजेश एकडे निवडून आले, 2024 मध्ये भाजपचे चैनसुख संचेती पुन्हा आले. आमदार बदलले, पण नांदुरा तालुक्यातल्या जिगाव प्रकल्पाचं पुनर्वसन किंवा पूर्णा खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्याचं पिण्याचं पाणी हे विषय तेच राहिले. आधीच्या आमदाराने यावर कोणते प्रश्न विचारले, मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, कोणतं आश्वासन दिलं, हे सगळं नव्या आमदाराला पहिल्याच दिवशी एका सर्चमध्ये मिळालं पाहिजे. टॅबचा खरा उपयोग असेल तर तो हा आहे, कागद वाचवणं त्यानंतर. पण त्यासाठी माहिती विधिमंडळाच्या सर्व्हरवर शोधता येईल अशा मराठी मजकुरात हवी. स्कॅन करून चढवलेल्या, तिरक्या आलेल्या पानांत 'जिगाव' टाइप करून काहीही सापडत नाही.

हिमाचलने काय केलं?

हिमाचल प्रदेशची विधानसभा ऑगस्ट 2014 मध्ये देशातली पहिली पेपरलेस विधानसभा झाली. सदस्य 68, प्रकल्पाचा खर्च 8 कोटी 12 लाख. यातून वर्षाला 15 कोटी रुपये वाचतात, असा दावा केला गेला. छपाई, कागद, वाहतूक, मनुष्यबळ सगळं धरून केलेला हा दावा आहे, त्यामुळे तो जरा हात राखूनच घ्यावा. पण तिथे केलेली एक गोष्ट बघण्यासारखी आहे. सदस्यांच्या बाकांवरच टचस्क्रीन बसवले. बाक सभागृहाचा, स्क्रीनही सभागृहाची. आमदार बदलला की लॉगिन बदलतं.

हाच अनुभव पुढे देशभर न्यायचा म्हणून केंद्राच्या संसदीय कार्य मंत्रालयाने 'नेवा' आणलं. राष्ट्रीय ई-विधान अ‍ॅप्लिकेशन असं पूर्ण नाव आणि 'एक राष्ट्र, एक अ‍ॅप्लिकेशन' ही घोषणा. एकूण खर्च 673 कोटी 94 लाख रुपये. बहुतेक राज्यांसाठी यात 60 टक्के वाटा केंद्राचा आणि 40 टक्के राज्याचा, तर ईशान्येकडच्या आणि डोंगराळ राज्यांसाठी 90 टक्के केंद्राचा. मार्च 2022 मध्ये नागालँड विधानसभेने ते पूर्णपणे राबवलं आणि 60 आमदारांच्या टेबलांवर टॅब लावले.

म्हणजे स्क्रीन द्यायच्या दोन पद्धती आहेत. एक, बाकाला लावून. दुसरी, हातात देऊन. बाकाची स्क्रीन स्वस्तात सांभाळली जाते, हरवत नाही, घरी जात नाही. पण मलकापूरला परतलेल्या आमदाराला पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न तयार करताना ती कामाची नाही. वर्षातले बहुतेक दिवस आमदार सभागृहाबाहेरच असतो. ही गोष्ट हातातल्या टॅबच्या बाजूने जाते.

मग हातातल्या टॅबवर सभागृहात दुसरंच काही बघितलं तर? ही भीती अगदीच हवेतली नाही. फेब्रुवारी 2012 मध्ये कर्नाटक विधानसभेत मोबाइलवर अश्लील क्लिप बघितल्याच्या वादात तीन मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले. जुलै 2025 मध्ये आमदार रोहित पवार यांनी शेअर केलेल्या व्हिडिओवरून तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात रमी खेळत असल्याचा आरोप झाला. कोकाटे यांनी तो फेटाळला, पण महिना संपता संपता त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. फक्त एक लक्षात घ्या, ही दोन्ही प्रकरणं मोबाइलवरची आहेत. ज्याला खेळायचंय त्याला सरकारी टॅबची वाट बघावी लागत नाही.

टॅब कुणाचा आणि त्यावर नजर कुणाची?

सामान्य वाचकाला हा मुद्दा कोरडा वाटेल, पण सगळ्यात नाजूक हाच आहे. 31 ऑक्टोबर 2023 ला देशातल्या अनेक विरोधी नेत्यांनी आयफोनवर आलेले अ‍ॅपलचे इशारे जाहीर केले. त्यात तेव्हा महाराष्ट्रातून राज्यसभेवर असलेल्या प्रियंका चतुर्वेदीही होत्या. फोनवर 'सरकार-पुरस्कृत हल्लेखोरांचा' डोळा असू शकतो, असा तो इशारा होता. सरकारने चौकशीचे आदेश दिले.

अशा वातावरणात सरकारी खात्याने विकत घेतलेला आणि सरकारी खात्यानेच दुरून नियंत्रित केलेला टॅब विरोधी आमदार बिनधास्त वापरेल का? ज्या मंत्र्याला अडचणीत आणणारा प्रश्न टाइप करायचा, त्याच्याच सरकारच्या यंत्रावर?

यावर उपाय राज्यघटनेतच आहे. अनुच्छेद 187 नुसार राज्य विधिमंडळाला स्वतःचा स्वतंत्र सचिवालयीन कर्मचारीवर्ग असतो. खरेदी, अ‍ॅप, पासवर्ड, दुरुस्ती हे सगळं विधिमंडळ सचिवालयाकडे राहिलं, तर सरकार पैसे देईल पण चावी त्याच्याकडे नसेल. ई-कॅबिनेटचे आयपॅड ही सरकारची अंतर्गत बाब आहे. आमदार मात्र सरकारला जाब विचारायला निवडून आलेला असतो, मग तो सत्ताधारी बाकावर का बसेना.

अंगणवाडीतला फोन

ज्यांना खरंच रोज स्क्रीनवर काम करावं लागतं, त्यांना सरकारने काय दिलं हेही बघायला हवं. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना पोषणाच्या नोंदींसाठी 2019 च्या सुमारास स्मार्टफोन मिळाले. फोनची रॅम 2 जीबी. नंतर केंद्राचं 'पोषण ट्रॅकर' अ‍ॅप आलं. ते या फोनवर नीट चालेना, फोन तापायचे, बंद पडायचे, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या खिशातून. वर अ‍ॅपमध्ये माहिती भरायची इंग्रजीत. शेवटी ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी हे फोन कार्यालयांत नेऊन परत केले. 'मोबाइल वापसी' म्हणून ते आंदोलन गाजलं.

आमदारांच्या टॅबवर लोक चिडतात त्यामागे हे असतं. गावातल्या बाळाचं वजन नोंदवणाऱ्या बाईला अडकणारा फोन आणि मंत्र्याला पेन्सिलसकट सव्वादोन लाखांचा संच, हे एकाच राज्याच्या तिजोरीतून होतं. तिचा राग टॅबवर नाही, क्रमावर आहे.

आणि खरेदी कशी फसते तेही या प्रकरणातून कळतं. यंत्र आधी घेतलं, अ‍ॅप नंतर आलं, मराठीचा विचार कुणी केलाच नाही. आमदारांच्या बाबतीत उलट्या क्रमाने जायला हवं. आधी मराठीतून सगळं कामकाज मिळेल अशी व्यवस्था, मग ठरलेल्या दिवसापासून छपाई बंद आणि त्यानंतर यंत्र. छपाई चालूच ठेवून टॅब दिले तर खर्च दुप्पट होतो. बचतीचा आकडा जाहिरातीत राहतो, गठ्ठे आमदार निवासात.

मलकापूरकरांसाठी याच प्रश्नाचं छोटं रूप घराजवळ आहे. राज्यातल्या नगर परिषदांच्या निवडणुका बऱ्याच वर्षांनी डिसेंबर 2025 मध्ये झाल्या. नगरसेवकांनाही सभेआधी विषयपत्रिका पोचवावी लागते, नंतर इतिवृत्त लिहावं लागतं. टॅब देण्याचा प्रस्ताव उद्या कोणत्याही नगर परिषदेत येऊ शकतो. तिथे मात्र यंत्राची गरजच कमी आहे. विषयपत्रिका आणि इतिवृत्त वेबसाइटवर टाकलं तर नगरसेवक ते स्वतःच्या फोनवर वाचेल आणि त्याच्या वॉर्डातला मतदारही.

राहिला प्रश्न जुन्या टॅबचा. केंद्र सरकारने जुलै 2023 मध्ये आपल्या अधिकाऱ्यांसाठी नियम केला. 1 लाखापर्यंतचं यंत्र आणि त्यात देशी बनावटीचा वाटा पुरेसा असेल तर 1 लाख 30 हजारांपर्यंत. चार वर्षांनी अधिकारी ते स्वतःकडे ठेवू शकतो, पण आतला सगळा डेटा पुसून घेतल्यावरच. महाराष्ट्राची सध्याची विधानसभा 2029 पर्यंत आहे. आमदारांना टॅब द्यायचा निर्णय झालाच, तर त्या शासन निर्णयात किमतीच्या ओळीखाली ही ओळ आहे का, हे आधी वाचा: मुदत संपल्यावर टॅब परत कुणाकडे, किती दिवसांत आणि नाही दिला तर वसुली कशातून.